माया स्थलांतरित कुटुंबांकडे गृहभेटीला जाताना : लहान मुलांचे वाचन आणि पालकांना साथ

अमेरिकेत तान्ह्या आणि शाळापूर्व वयाच्या मुलांच्या घरी जाऊन पालकांना साथ देणारे कार्यक्रम १९६० च्या दशकापासून चालू आहेत. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतल्या शाळापूर्व मुलांसाठी केंद्र सरकारने चालवलेल्या हेड स्टार्टची सुरुवात १९६५ साली झाली; आज पेरेंटचाइल्ड प्लस या नावाने चालणारा, घरी पुस्तके आणि खेळणी घेऊन जाणारा उपक्रमही त्याच वर्षीचा. इस्रायलमध्ये १९६९ साली सुरू झालेला हिप्पी हा कार्यक्रम १९८४ मध्ये अमेरिकेत आला, पेरेंट्स ॲज टीचर्स मिझुरी राज्यात उभा राहिला, आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने गृहभेटींसाठी स्वतंत्र केंद्रीय निधीची तरतूद केली. अशा एखाद्या कार्यक्रमात काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मराठी वाचकाच्या वाट्याला ग्वाटेमाला आणि दक्षिण मेक्सिकोतून आलेली माया, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजांतली, कुटुंबे आली, तर भेटीची तयारी कशी करावी आणि भेटीत नेमके काय करावे, याविषयी हे टिपण आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की मुलाला वाचनाकडे नेणारी बरीचशी सामग्री या घरांत आधीपासूनच असते. ती आईच्या बोलण्यात, घरच्या कामात आणि भावंडांच्या सहवासात असते. पुस्तकाने तिच्या आधाराने घरात यावे, तिची जागा घेऊ नये.

भाषा कोणती, हे आधी शोधा

कार्यालयाच्या नोंदीत बहुधा ‘ग्वाटेमाला, स्पॅनिश’ एवढेच लिहिलेले असते आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. ग्वाटेमालात २२ माया भाषा बोलल्या जातात आणि २००३ च्या राष्ट्रीय भाषा कायद्याने त्यांना मान्यता दिलेली आहे. किचे, माम, केक्ची, काक्चिकेल, कान्होबाल या स्वतंत्र भाषा आहेत. किचे बोलणाऱ्या बाईला माम कळत नाही, आणि स्पॅनिशशी तर यांपैकी एकीचेही कूळ जुळत नाही. तरीही ‘तुम्हाला स्पॅनिश येते का’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच मिळते. ते खोटे नसते. बाजारहाट आणि मुकादमाशी बोलणे यांपुरते स्पॅनिश बहुतेकांना येते. पण बाळाच्या झोपेविषयी, स्वतःच्या काळजीविषयी किंवा मुलाच्या बोलण्यातल्या एखाद्या अडचणीविषयी त्या भाषेत सविस्तर बोलता येईलच असे नाही. शिवाय पाहुण्याला ‘नाही’ म्हणणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते.

म्हणून प्रश्न भाषेचा न विचारता गावाचा विचारावा. तोदोस सांतोस कुचुमातान, कोमितान्सियो किंवा सान हुआन ओस्तुनकाल्को ऐकू आले तर भाषा माम असण्याची शक्यता मोठी. मोमोस्तेनांगो किंवा तोतोनिकापान म्हणजे किचे. सांता एउलालिया म्हणजे कान्होबाल. सान मिगेल आकातान म्हणजे अकातेको. सान मातेओ इश्तातान म्हणजे चुह. नेबाह म्हणजे इशिल. सान पेद्रो कार्चा म्हणजे केक्ची. मेक्सिकोतल्या युकातान राज्यातले ओश्कुत्स्काब असेल तर युकातेक माया. त्यानंतर ‘घरी आजी तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची’ हा प्रश्न विचारला की चित्र पुरे होते. अमेरिकेतली वस्तीही थोडा अंदाज देते: कॅलिफोर्नियात ओकलंडला माम भाषक मोठ्या संख्येने आहेत, लॉस एंजेलिसला कान्होबाल आहेत, फ्लोरिडातल्या इंडियनटाउनला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्वाटेमालातल्या यादवी युद्धातून निसटलेली कान्होबाल कुटुंबे येऊन स्थिरावली, ह्यूस्टनला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला किचे भाषक आहेत, तर सॅन फ्रान्सिस्कोत युकातेक. पण हा अंदाज विचारण्याला पर्याय नाही. तोदोस सांतोसची माम आणि ओस्तुनकाल्कोची माम यांतही इतका फरक आहे, की एकीकडचा दुभाषी दुसरीकडे अडखळतो.

दुभाषी ठरवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. वस्ती लहान असते, एकाच गावचे लोक एकाच रस्त्यावर राहतात, आणि उपलब्ध असलेली दुभाषी बाई नवऱ्याची चुलतबहीण निघू शकते. तिच्यासमोर आई काय बोलेल आणि काय गिळून टाकेल याचा विचार करून, नाव आधी कुटुंबाला सांगून संमती घ्यावी; अडचण दिसली तर दुसऱ्या शहरातल्या दुभाष्याशी फोनवरून काम चालवावे. पुष्कळदा साखळी करावी लागते: इंग्रजीतून स्पॅनिश, स्पॅनिशमधून माम, आणि उत्तर त्याच वाटेने परत. अशा वेळी एक तासाचे बोलणे दोन तासांचे होते, हे गृहीत धरूनच विषय निम्मे करावेत, वाक्ये आखूड ठेवावीत आणि बोलताना नजर दुभाष्याकडे न ठेवता आईकडे ठेवावी. घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण ती चुणचुणीत असते आणि समोरच असते. तो कटाक्षाने टाळावा. घराची आर्थिक ओढाताण किंवा आईचे आजारपण तिच्या तोंडून वदवून घेणे तिच्यावर अन्याय करणारे आहे, आणि आईसुद्धा तिच्यासमोर मोकळी होत नाही.

दार उघडण्याआधी

६ मार्च २००७ रोजी न्यू बेडफर्डच्या एका चामडी वस्तूंच्या कारखान्यावर इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी धाड घालून ३६१ कामगारांना पकडले. त्यांत किचे भाषक बरेच होते, आणि पाळणाघरात किंवा शेजाऱ्यांकडे मुले ठेवून आलेल्या आयाही होत्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आयोवातल्या पोस्टव्हिलला मांसप्रक्रिया कारखान्यात ३८९ जण पकडले गेले. तेही बहुतांशी ग्वाटेमालाचे होते. याच्याही मागे १९६० ते १९९६ पर्यंतचे यादवी युद्ध आहे. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार त्यात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. हातात कागदांची फाइल आणि गळ्यात ओळखपत्र घालून आलेला अनोळखी माणूस या लोकांना कसा दिसत असेल, हे या दोन गोष्टी ध्यानात घेतल्यावर वेगळे सांगायला नको.

तेव्हा न कळवता जाऊ नये. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश पाठवावा, आणि शक्य असेल तर तो दुभाष्याच्या आवाजात, कुटुंबाच्या भाषेत पाठवावा. लेखी संदेश अनेकींना वाचता येत नाही, शिवाय ओळखीच्या आवाजाने जो विश्वास बसतो तो कागदाने बसत नाही. दाराशी उभे राहून नाव सांगावे, कोणाच्या ओळखीने आलो ते सांगावे, आणि दार उघडले नाही तर पुन्हा पुन्हा न ठोठावता निघून यावे. पहिली भेट कुटुंबाच्या ओळखीच्या माणसाबरोबर, म्हणजे दवाखान्यातल्या आरोग्यसेविकेबरोबर किंवा चर्चमधल्या एखाद्या बाईबरोबर झाली तर निम्मे काम होते. वेळ ठरवताना नवऱ्याला त्याची कल्पना आहे ना, हे पाहावे. छपराची, बागकामाची, मासळी किंवा कोंबडी कारखान्यातली कामे पहाटे सुरू होतात आणि संध्याकाळी अनेक कुटुंबांत प्रार्थनासभा असते, त्यामुळे आपली सोयीची वेळ त्यांच्या अगदी गैरसोयीची असू शकते.

घरात गेल्यावर आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा. स्पॅनिशमध्ये बोलत असाल तर आदरार्थी ‘उस्तेद’च वापरावे, नावाआधी ‘दोन्या’ किंवा ‘दोन’ लावावे. किचे घरात बाईंना ‘नान’ आणि पुरुषांना ‘तात’ म्हटलेले आवडते. किचेत आभार ‘माल्त्योश’ म्हणून मानतात. एवढे दोन-चार शब्द तरी शिकून जावेत. बऱ्याचदा एका सदनिकेत तीन कुटुंबे राहतात आणि या कुटुंबाची जागा म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत बसायची जागा म्हणजे पलंग. जिथे बसवतील तिथे बसावे. गरम अतोलचा पेला पुढे आला तर घ्यावा. संस्थेचा नियम भेटवस्तूंना मनाई करतो हे खरे, पण मक्याच्या पेजेला भेटवस्तू समजणाऱ्या वरिष्ठांना हे समजावून सांगण्याची जबाबदारी आपली.

पहिल्या भेटीत शक्यतो सही मागू नये, आणि मागावीच लागली तर कागदावर काय आहे, तो कोण वाचणार आणि कुठे ठेवला जाणार, हे तोंडी सांगावे. इमिग्रेशनच्या स्थितीविषयी विचारू नये; कोणी आपणहून सांगितले तर ते भेटीच्या टिपणात उतरवू नये. दुसरीकडे, मुलाला गंभीर इजा किंवा छळ होत असल्याचा संशय आला तर तो कळवण्याचे कायदेशीर बंधन बहुतेक राज्यांत आपल्यावर असते. ही गोष्ट लपवणे हा विश्वासघात ठरेल, म्हणून ती सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि त्याच दमात हेही सांगावे की खोली लहान असणे, सगळे एका पलंगावर झोपणे किंवा घरात खेळणी नसणे म्हणजे मुलाकडे दुर्लक्ष नव्हे. ‘मूल काढून घेतील’ ही भीती या वस्त्यांत तोंडोतोंडी पसरलेली असते. झोपण्याचा विषय निघालाच तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचा सल्ला, म्हणजे तान्ह्या बाळाला त्याच खोलीत पण वेगळ्या, सपाट आणि घट्ट पृष्ठावर, पाठीवर निजवावे, हा सांगावा. त्यासाठी पाळण्याची सोय संस्थेमार्फत होईल का, ते आधी विचारून ठेवावे. पाळणा न देता सल्ला देण्यात अर्थ नसतो.

पाहत शिकणारे मूल

गृहभेटीचा छापील आराखडा सहसा असे धरून चालतो की आई मुलासमोर बसेल, चित्र दाखवील, ‘हे काय आहे? याचा रंग कोणता?’ असे विचारील आणि उत्तर आले की शाबासकी देईल. अनेक माया घरांत ही रीत परकी असते. ज्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे तो प्रश्न मुलाला का विचारायचा, हे तिथल्या आईला खरोखरच कळत नाही. आतित्लान सरोवराकाठच्या सान पेद्रो ला लागुना या त्सुतुहिल माया गावात मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके केलेला अभ्यास सांगतो, की मुले मोठ्यांच्या कामात वावरतात, बारकाईने पाहतात, जमेल तेव्हा हात लावतात, आणि शिकवणे असे वेगळे काढून फारसे केले जात नाही. आई आणि मूल एकाच वेळी दोन-तीन गोष्टींकडे लक्ष देऊ शकतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भावंडाला खेळणे बनवायला शिकवले जात असताना शेजारी थांबलेल्या मुलांकडे पाहिले गेले. ग्वाटेमालातल्या माया मुलांनी युरोपीय वंशाच्या अमेरिकन मुलांपेक्षा त्याकडे अधिक लक्ष दिले, आणि नंतर स्वतः ते बनवताना त्यांना मदत कमी लागली.

हे वाचून ‘म्हणजे या आयांनी मुलांशी बोलण्याची गरजच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेत परिस्थिती बदललेली असते. गावात मुलाभोवती आजी, काकू, भावंडे, शेजारी यांचे बोलणे दिवसभर चालू असे. इथे आई दाराला आतून कडी लावून एकटी बसलेली असते, आणि मुलाच्या कानावर दूरचित्रवाणीचा आवाज तेवढा पडतो. नुसते पाहून शिकायला पाहण्याजोगे आणि ऐकण्याजोगे काहीतरी आसपास चालू असावे लागते. भेटीचे खरे काम इथेच आहे: बोलण्याची आणि कामाची ती गर्दी थोडीफार परत उभी करणे.

एक उदाहरण जवळून पाहू. शनिवारी सकाळी एका माम घरात आई मक्याचे पीठ मळते आहे. अडीच वर्षांची मुलगी खुर्चीवर उभी राहून तिच्या कोपराशी टेकली आहे, आणि बराच वेळ कोणीच काही बोललेले नाही. आपल्या पिशवीत रंगांची चित्रे असलेले पुठ्ठ्याचे पुस्तक आहे आणि ते बाहेर काढण्यासाठी हात शिवशिवतो आहे. तो आवरावा. आईकडे पिठाचा गोळा मागून आपणही थापायला बसावे. आपली तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, वेडीवाकडी होते. मुलगी आधी आपल्या हातांकडे आणि मग आईच्या हातांकडे पाहते, आणि स्वतःचा छोटा गोळा तळव्यावर फिरवून दाखवते. आई काही न बोलता मुलीची जाड तोर्तिया आपल्या तोर्तियांशेजारी तव्यावर टाकते. आता बोलण्याला निमित्त मिळाले. आईला विचारावे की तुम्ही हे कोणाकडे पाहून शिकलात, तुमच्या आईची तोर्तिया कशी असायची, तुमच्याकडे मक्याचे किती रंग होते. हे प्रश्न खरे आहेत, कारण उत्तर आपल्याला ठाऊक नाही. आई सांगू लागते, थोरली बहीण मध्येच भर घालते, आणि धाकटी ऐकते. तिच्या कानावर क्रम पडतो, कारण पडते, जागांची आणि माणसांची नावे पडतात. पुढे गोष्ट समजून घ्यायला हेच लागते. भेट संपताना आईला एवढेच सांगावे, की आत्ता तुम्ही जे सांगितलेत ते मुलगी लक्ष देऊन ऐकत होती, आणि असे सांगणे हे शाळेच्या तयारीचेच काम आहे. अनेक आयांना हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलेले असते.

मोठ्या भावंडांना ‘आता तुम्ही बाहेर खेळा’ म्हणून हाकलू नये. ती या घरातली निम्मी शिक्षक मंडळी आहेत. कार्यक्रमाच्या कागदावर एकाच मुलाचे नाव असले तरी भेट सगळ्यांची असावी.

पुस्तक घरातच बनवावे

बाजारात माया भाषांतली मुलांची पुस्तके फार थोडी मिळतात, आणि मिळाली तरी वाचणार कोण हा प्रश्न उरतो. ग्वाटेमालात माया भाषांची एकरूप लिपिव्यवस्था १९८७ साली ठरली आणि माया भाषा अकादमी १९९० च्या कायद्याने स्थापन झाली. आज आई झालेल्या पुष्कळ जणींची शाळा दोन-तीन इयत्तांत सुटली, आणि तीही स्पॅनिशमधली. त्यामुळे ‘रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचा आणि तक्त्यात खूण करा’ हा शाळांचा आवडता गृहपाठ या घरांत फक्त अपराधीपणा देतो. आईला वाचता येणे ही मुलाच्या वाचनाची पूर्वअट नाही, हे आपल्याला स्वतःला आधी पटलेले असले पाहिजे. नाही तर ते चेहऱ्यावर दिसते.

त्याऐवजी घरचे पुस्तक बनवावे. आईच्या फोनवर एखाद्या ओळखीच्या कामाची सहा ते आठ छायाचित्रे काढावीत: तोर्तिया, कपडे धुण्याच्या दुकानाची फेरी, बाळाला पाठीशी बांधण्याचे कापड घडी करणे, बाबांचे बूट. ती छापून जाड कागदावर चिकटवावीत, भोके पाडून दोऱ्याने बांधावीत, आणि मुलाचे नाव वरच्या पानावर मुलासमोर लिहावे. मग आईने एकेक पान उलटून आपल्या भाषेत सांगावे आणि ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे. दुभाष्याला लिपी येत असेल तर प्रत्येक पानाखाली एक ओळ लिहून घ्यावी; येत नसेल तर नुसता आवाज पुरे. पुढच्या भेटीपर्यंत मूल ते पुस्तक स्वतः उघडून, आईच्याच सुरात पाने सांगू लागते. पुस्तक कोणत्या बाजूने धरायचे, पान कुठे उलटायचे, चित्र आणि बोलणे यांचा मेळ कसा असतो, हे सगळे त्यात येते. आपण नेलेल्या पुस्तकांत शब्दांविना चित्रकथा अधिक असाव्यात, कारण त्या कोणत्याही भाषेत सांगता येतात.

गावाकडच्या आजी-आजोबांना यात ओढावे. रविवारी व्हिडिओ कॉल होतोच. त्यात एक गोष्ट मागावी. मोजणीसुद्धा आजीकडून घ्यावी. माया भाषांची मोजणी विसाच्या पटीत चालते, पण तरुण आईबाप दहाच्या पुढे बहुधा स्पॅनिश आकडे वापरतात, आणि मुलाला मात्र आजीचे आकडे ऐकताना मजा वाटते. घरात वीपिल, म्हणजे विणलेला पारंपरिक पोलका असेल तर त्यावरची नक्षी कोणत्या गावची, हा पक्षी कोणता, हा रंग कशासाठी, यावर एक पूर्ण भेट निघते.

पालक एक प्रश्न हमखास विचारतात: मुलाशी माममध्ये बोललो तर त्याचे इंग्रजी मागे पडेल का? शाळेतल्या कोणीतरी ‘घरी इंग्रजी बोला’ असे सांगितलेले असते, आणि त्याआधी गावातही स्पॅनिश बोलणाऱ्यांनी या भाषेची टर उडवलेली असते. उत्तर निःसंदिग्ध द्यावे: ज्या भाषेत तुम्हाला सर्वांत जास्त आणि सर्वांत सहज बोलता येते, तीच बोला. मोडक्या इंग्रजीतल्या दहा आज्ञांपेक्षा माममधली एक लांबलचक हकिकत मुलाला जास्त शब्दसंपत्ती देते, आणि एका भाषेत कमावलेली समज दुसरीत उपयोगी पडते. मूल उत्तर इंग्रजीत देऊ लागले तरी आपण भाषा सोडायची नाही, हेही सांगावे. अमेरिकेत मुले वाढवणाऱ्या मराठी वाचकांना हा अनुभव नवा नाही, आणि इथे तो सांगायला हरकत नाही. मात्र आपल्या घरात पदव्या होत्या, कागदपत्रे होती आणि मराठी बोलल्याबद्दल कोणी जीव घेत नव्हते, हा फरक विसरून बरोबरीचा आव आणू नये.

चाचण्या, पत्रे आणि बाकीची कामे

वाढीच्या टप्प्यांची प्रश्नावली बहुतेक कार्यक्रमांत भरावीच लागते. ती इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये असते, आणि दुभाष्याने जागच्या जागी अनुवाद करून घेतलेल्या उत्तरांच्या बेरजेवर आंधळा विश्वास ठेवू नये. उच्चारांच्या बाबतीत तर विशेष जपावे. किचे मुले ‘च’ आणि ‘ल’ हे ध्वनी फार लवकर बोलू लागतात, तर इंग्रजी मुलांना ते उशिरा जमतात, हे १९८० च्या दशकातल्या तुलनात्मक अभ्यासातून दिसले आहे. तेव्हा इंग्रजी मुलांवरून बेतलेला तक्ता किचे मुलाला लावणे चूक आहे. माया भाषांत घशात झटका देऊन उच्चारायची व्यंजने आहेत, आणि ती आपल्या कानाला ‘अडखळणे’ वाटू शकतात. उलट बाजूही आहे. ‘दोन-तीन भाषा ऐकतोय म्हणून बोलत नसेल’ असे म्हणत खरा विलंब नजरेआड करू नये. मूल आपल्या घरच्या भाषेतही हाकेला ओ देत नसेल, बोट दाखवत नसेल, आणि आईला स्वतःलाच थोरल्या मुलांच्या मानाने काही वेगळे वाटत असेल, तर तीन वर्षांखालच्या मुलासाठी राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लवकर मदत देणाऱ्या सेवेकडे नोंद करावी. केंद्रीय नियमाप्रमाणे नोंद झाल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि पहिली नियोजन बैठक व्हावी लागते, आणि शक्य असेल तिथे तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत करण्याचे बंधन आहे. हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून अर्जावर भाषेचे नाव आपणच ठळक लिहावे.

हेड स्टार्टचाच तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा भाग असलेल्या अर्ली हेड स्टार्टच्या घरी येण्याच्या पर्यायात आठवड्याला एक, किमान दीड तासाची भेट असते, आणि वर्षाला किमान ४६ भेटी व २२ सामूहिक मेळावे अपेक्षित असतात. दीड तास पुष्कळ वाटतो, पण त्यातला मोठा भाग शाळेची पत्रे, दवाखान्याचे बिल, घरमालकाची नोटीस यांत जातो. नवे कार्यकर्ते यावर कुरकुरतात. मला ती वेळ वाया गेलेली वाटत नाही, कारण कागद उघडला जातो, तो बोलतो, मोठी माणसे त्यावर विचार करून काहीतरी ठरवतात, हे मूल पाहत असते. पत्र वाचताना मुलाला जवळ बसू द्यावे आणि ‘इथे तुझ्या ताईचे नाव आहे’ म्हणून बोट ठेवून दाखवावे.

कायद्याच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देऊ नयेत. फक्त दोन गोष्टी मात्र सांगून ठेवाव्यात. लॅटिन अमेरिकेत ‘नोतारिओ’ हा कायदेतज्ज्ञ असतो, अमेरिकेतला नोटरी तसा नसतो, आणि या गैरसमजावर पैसे उकळणारे लोक वस्तीत फिरत असतात. आणि पालकांची कागदपत्रे असोत वा नसोत, मुलाला सरकारी शाळेत प्रवेश मिळतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा निकाल त्याचा आधार आहे. बाकी सगळ्यासाठी विश्वासार्ह मोफत कायदा सहाय्य केंद्राचा क्रमांक आईच्या फोनमध्ये साठवून द्यावा.

कार्यक्रम संपताना

मूल तीन किंवा पाच वर्षांचे झाले की भेटी थांबतात, आणि एका आठवड्यात अचानक येणे बंद झालेले कुटुंबाला लागते. दोन महिने आधीपासून सांगायला सुरुवात करावी. त्या काळात आईबरोबर नव्या शाळेत एकदा जाऊन यावे: दार कुठे आहे, मुलाला कुठे सोडायचे, आजारी असेल तर कोणाला फोन करायचा, जेवणात काय असते. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची चौकशी करणारा अर्ज येतो. लिपिक सवयीने ‘स्पॅनिश’ लिहून मोकळा होतो, आणि मग पाच वर्षे सगळी पत्रे आणि दुभाषी चुकीच्या भाषेत येत राहतात, तेव्हा तो अर्ज आईने भरताना शेजारी असावे. वर्गशिक्षिकेसाठी आईच्या संमतीने एक पानाची ओळख लिहावी. त्यात मुलाची उणी बाजू न लिहिता ते काय पाहून शिकते, कोणती गोष्ट सांगते, घरी कोणाशी कोणत्या भाषेत बोलते, आणि गप्प बसून पाहणे म्हणजे लक्ष नसणे नव्हे, एवढे असावे. गटात गप्प राहणारे मूल आणि न समजणारे मूल यांत शिक्षिका गल्लत करतात, आणि पहिल्याच महिन्यात पडलेला शिक्का पुढे पुसता पुसत नाही.

ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे कार्यालयाच्या संगणकावर राहिली तर कुटुंबाच्या हाती काहीच उरत नाही. ती सगळी आईच्या फोनवर आणि एका मेमरी कार्डवर उतरवून द्यावीत, गावाकडच्या आजीलाही पाठवावीत, आणि संस्थेकडच्या प्रतींचे काय करायचे, ते आईला विचारून तिच्यासमोरच करावे.